मोथिबीचे कोरे टायर

मोथिबीच्या अंगणात जो दोन चाकांचा ट्रेलर उभा असे, त्याच्या टायरांना फुलाफुलांची झबली होती. ही झबली बोइपेलोच्या दिवाणखान्यातल्या जुन्या पडद्यांची शिवलेली होती. ते पडदे खरोखर जुने झाले होते की नाही, यावर नवराबायकोत अजूनही दुमत होते. शेजारचे दिंत्वेकाका, म्हणजे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले आणि आता उरलेल्या जगाला गाडी शिकवणारे गृहस्थ, रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, "काय मोथिबी, बाळाची आंघोळ झाली का?" मोथिबी पाठ फिरवून घरात जाई. सरकारी औषध भांडारातल्या वरिष्ठ कारकुनाने काय काय म्हणून ऐकून घ्यायचे?

गाबोरोने शहरात ट्रेलर म्हणजे खरे तर मालकाची वस्तू नव्हेच. आळीत कोणी गेले की शनिवारी मूठमाती असते, आणि गुरुवारी संध्याकाळपासून तिपायी हंडे, खुर्च्या, तंबूचे खांब, सरपण हे सगळे ज्याच्याकडे ट्रेलर असेल त्याने वाहायचे. हे कोणी कोणाला सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक असते. मोथिबीलाही ठाऊक होते. म्हणूनच त्याच्याकडे सबबींचा साठा त्याच्या भांडारातल्या औषधांपेक्षा नीट लावलेला होता. मागचा दिवा लागत नाही, चाकाचे ग्रीस संपले, हूक ढिला झाला, आणि अगदीच जवळचे कोणी असले तर "बोइपेलोची परवानगी घ्यायला हवी." बोइपेलोने या शेवटच्या सबबीबद्दल त्याला अजून माफ केलेले नव्हते.

अकरा वर्षांत तो ट्रेलर मोजून नऊ वेळा रस्त्यावर गेला, त्यातल्या दोन वेळा परवान्यासाठी. टायरांवर कारखान्यातून निघतानाची रबराची बारीक बारीक लव अजून शाबूत होती. महिन्यातून एकदा मोथिबी झबली काढून त्यांना बुटाचे काळे पॉलिश लावी, मागे सरून डोके कलते करून बघे, आणि खाचांत अंगठा घालून म्हणे, "कोरे आहेत, कोरे." मोथिबीचे लोक गुरे पाळणारे. बैलाचा जबडा उघडून दात बघितले की त्याचे वय कळते, हे त्याला पाचव्या वर्षी शिकवलेले होते. टायरचे दात म्हणजे त्याच्या खाचा. खाचा खोल, म्हणजे गोऱ्हा जवान. यात काही चूक असेल असे त्याच्या डोक्यातसुद्धा आले नाही.

हे सगळे हसण्यावारी गेले असते, पण मध्ये दित्शेकोमामा होते.

आईचा सख्खा भाऊ. आपल्यातही मामाचा मान मोठाच असतो, पण मोथिबीच्या लोकांत मामाशिवाय पान हलत नाही. मोथिबीला मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा मामा त्याची पत्र्याची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन दीड दिवस चालले होते, आणि वाटेत एकदाही "जरा तू घे" म्हणाले नव्हते. त्याच मामांनी तीन वर्षांपूर्वी, सुगी झाल्यावर, शेतावरून फोन केला होता. यंदा ज्वारी बरी झाली आहे, सात पोती आहेत, गावात घरापर्यंत आणायची आहेत, तुझा ट्रेलर मिळेल का? मोथिबी म्हणाला, "मामा, त्या वाटेवर काटे फार. टायर अगदी नवे आहेत हो. पुढच्या आठवड्यात बघू." पुढचा आठवडा आला नाही. पोती शेतावरच राहिली, कुंपण मोडून गुरे शिरली, सातातली चार पोती गेली. मामांनी तो विषयच पुन्हा काढला नाही, आणि मागच्या वर्षी ते वारले. मोथिबीला रात्री जाग आली की आधी ती चार पोती आठवत.

वर्ष झाल्यावर मामांच्या थडग्यावर दगड बसवायचे ठरले. शनिवारी सकाळी सहाला त्यावरची चादर काढायची, प्रार्थना, मग जेवण. बैठकीत मामेभाऊ रामासू म्हणाला, "दगडवालेच गावापर्यंत आणून बसवून देतात, त्यांच्या दरातच आहे ते." त्यावर मोथिबी उभा राहिला. खरे तर उभे राहण्याची गरज नव्हती.

"दगड मी आणणार," तो म्हणाला. "माझ्या ट्रेलरमधून."

एक म्हातारे काका उगीचच खोकले. मामींनी मात्र मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "आण बाबा. त्यांना बरं वाटेल." ते ऐकून मोथिबीच्या छातीवरचे निम्मे ओझे उतरले. उरलेले निम्मे दगड गावात उतरला की उतरणार होते, असा त्याचा हिशेब होता.

आता ट्रेलर न्यायचा म्हणजे परवाना हवा, आणि तो दोन वर्षांपूर्वीच संपलेला. परवाना कचेरीत मोथिबी गुरुवारी सकाळी सातला झबली काढलेला, पॉलिश केलेला ट्रेलर घेऊन रांगेत उभा राहिला. तपासणीच्या बाई, केलापिले नावाच्या, हातात फळी आणि कानावर पेन्सिल घेऊन आल्या. त्यांनी एक फेरी मारली, खाली वाकल्या, पुन्हा एक फेरी मारली.

"नंबरची पट्टी कुठाय?"

"इथंच होती," मोथिबी म्हणाला. पण ती दिसत नव्हती, कारण दर नाताळाला तो ट्रेलरला रंगाचा एक हात मारत असे. अकरा नाताळांच्या थराखाली पट्टीने समाधी घेतली होती.

"नंबर दिसला नाही तर ट्रेलर चोरीचा नाही हे मी कशावरून मानू?"

चोरीचा हा शब्द मोथिबीला फार लागला. तो म्हणाला की मी सरकारी नोकर आहे. बाई म्हणाल्या, "मीसुद्धा." मग पोलिसांचा दाखला आणा असे ठरले. पोलीस ठाण्यात खरेदीची पावती मागितली. पावती घरी बोइपेलोने बायबलमध्ये ठेवली होती, आणि बायबल बोइपेलोबरोबर प्रार्थनेच्या मंडळात गेले होते. पावती घेऊन मोथिबी ठाण्यात परतला तर हवालदार म्हणाला, पावती बरोबर आहे, पण हिच्यावरचा नंबर ट्रेलरवरच्या नंबराशी ताडून बघायला हवा, नंबर कुठाय? शेवटी मोथिबी कचेरीच्या आवारातच उकिडवा बसून चाव्यांच्या जुडग्याने रंग खरवडू लागला. रांगेतले लोक जाता येता सल्ले देत होते. कोणी म्हणाले रॉकेल लावा, कोणी म्हणाले लावू नका. दुपारी तीनला पट्टी उघडी पडली.

बाईंनी नंबर उतरवून घेतला, दिवे बघितले, खाचांत मोजपट्टी घातली. "खाचा उत्तम," त्या म्हणाल्या, आणि मोथिबी सकाळपासून पहिल्यांदा हसला. मग बाई टायरच्या कुशीवर बोट फिरवत एका जागी थांबल्या.

"एकोणीस बारा."

"कारखान्याचा नंबर असेल," मोथिबी म्हणाला.

"दोन हजार बारा सालचा एकोणिसावा आठवडा. त्या आठवड्यात हा टायर जन्मला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ट्रेलरचे टायर पाच वर्षं, फार तर सहा. आपल्या उन्हात त्याहून कमी. तुमचे अकरा झाले."

"पण वापरलेच नाहीत," मोथिबी म्हणाला.

"तेच वाईट. चालता टायर मऊ राहतो. उभा टायर आतून वाळतो. हे चकाकतंय काय?"

"पॉलिश. बुटाचं."

बाईंनी बोटाला लागलेले काळे रुमालाला पुसले. "त्यानं तर रबर खाऊन टाकलं असेल. आणि हे बारीक तडे बघा, वाळल्या तळ्यासारखे." मोथिबीने चष्मा लावून पाहिले. तडे होते. रोज बघूनही त्याला ते कधी दिसले नव्हते.

"हा जादा टायर तरी चांगला असेल," तो पुढच्या बाजूला बांधलेल्या तिसऱ्या चाकाकडे बोट दाखवत म्हणाला. "याला तर जमीनसुद्धा लागलेली नाही."

बाईंनी त्याची कूस वाचली. एकोणीस बारा. "तिळे आहेत," त्या म्हणाल्या. "जादा चाकसुद्धा घरी बसून म्हातारं होतंच. तुम्ही करता काय?"

"औषध भांडारात आहे."

"म्हणजे काय करता?"

मोथिबीने इकडे तिकडे पाहिले. "बाटल्यांवरची मुदतीची तारीख तपासतो," तो हळू आवाजात म्हणाला.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. त्यांनी शिक्का मारला. मोथिबीला आश्चर्य वाटले. "म्हणजे पास?"

"माझ्या फॉर्मात खाचांचा रकाना आहे. वयाचा नाही. शिक्का मला मारावाच लागतो. पण दादा, मनात काय आहे ते सांगते. यावर तुम्ही दगड घातलात, तर मी तुमच्या मागून गाडी चालवणार नाही."

बाहेर आल्यावर मोथिबीने जे केले ते शहाणपणाचेच होते: तो टायरच्या दुकानात गेला. त्या मापाचे जाड टायर मंगळवारी येणार होते. दुसऱ्या दुकानात दोन होते. पण मोथिबी आता तारीख वाचायला शिकलेला होता, आणि नवीन शिकलेल्या माणसाला थांबवणे अवघड. त्याने कूस वाचली तर टायर साडेचार वर्षांचे निघाले. "हे निम्म्याहून म्हातारे आहेत," तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाला. दुकानदार म्हणाला, "साहेब, नवरी बघायला आलात का? नको असतील तर राहू द्या." मोथिबी मानाने बाहेर पडला. साडेचार वर्षांचा टायर नाकारून आपण अकरा वर्षांच्या टायरांवर परत निघालो आहोत, हे त्याला घराच्या फाटकाशी कळले. तोपर्यंत दुकान बंद झाले होते.

कुंपणावर दिंत्वेकाका वाटच बघत होते. त्यांनी बोट ठेवून आकडा वाचला. "एकोणीसशे बारा? अरे, हा इंग्रजांच्या वेळचा आहे."

मोथिबीने त्यांना आठवडे आणि साल समजावले. काका ऐकून घेऊन म्हणाले, "मी चाळीस वर्षं बस चालवली. टायरचं वय मी कधी विचारलं नाही आणि त्यानं माझं विचारलं नाही. हवा थोडी कमी ठेव. म्हाताऱ्याला फार फुगवायचं नसतं." हा सल्ला साफ चुकीचा होता. कमी हवेत टायर जास्त तापतो. पण तो इतक्या आपुलकीने दिला गेला की मोथिबीने तो तिथल्या तिथे अमलात आणला.

"अहो, रामासूला फोन करा," बोइपेलो म्हणाली. "सांगा की दगडवाल्यांनाच आणू दे. उद्या सकाळीसुद्धा वेळ आहे."

"मी सगळ्यांसमोर उभा राहून बोललोय."

"मग आता बसून बोला."

त्याने फोन केला नाही. मामींनी "त्यांना बरं वाटेल" म्हटले होते. ते वाक्य परत कसे द्यायचे, हे त्याला कळेना.

शुक्रवारी सकाळी दगड ट्रेलरवर चढला. काळा, पुरुषभर उंच, त्यावर सोनेरी अक्षरांत मामांचे नाव आणि खाली जन्ममृत्यूची साले. उरलेल्या जागेत बोइपेलोने तिच्या बहिणीचा तिपायी हंडा आणि कोबीची दोन पोती ठेवली. दित्लारेंग गाव मोलेपोलोलेच्या पुढे; एकूण सव्वाशे किलोमीटर. गवंडी दुपारी दोनपासून थांबणार होते. मोथिबीने गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला त्याच्या पुढे गेला आणि मागे वळून हसला.

मोलेपोलोले ओलांडून वीस किलोमीटर गेल्यावर बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज आला. डावा टायर.

मोथिबी उतरला. टायरचे जे झाले होते त्याला फुटणे म्हणणे कमीच. खाचा मात्र अजून उत्तम होत्या, त्या आता रस्त्यावर तीन ठिकाणी पडल्या होत्या. त्याने जॅक लावला. जॅक वाळूत बुडाला. त्याखाली घालायला सपाट असे काही हवे होते, आणि सपाट वस्तू एकच होती.

"माझ्या बहिणीच्या हंड्याचं झाकण?" बोइपेलो म्हणाली. "अहो, ते तिच्या सासूबाईंचं आहे."

झाकण बिडाचे होते. बिडाला वजन सहन होते, पण एका मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा त्या दिवशी सगळ्यांना कळली. तरीही दोन तुकड्यांवर जॅक कसाबसा उभा राहिला आणि तासाभराने जमीन न लागलेला तो तिसरा टायर पहिल्यांदा जमिनीला लागला. त्याच्यावरची लव उन्हात चमकत होती. सात किलोमीटर तो चालला. मग उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी त्याची वरची कातडी सुटली, चाकावरचा पत्रा उचकटून घेऊन गेली, आणि ट्रेलर एका कुशीवर कलला.

रस्त्याकडेचे गवत कापणारे पाचसहा मजूर धावत आले. दगड आता घसरेल, मग घसरेल असा होता. त्यांनी दोर लावून, ओरडून, एकमेकांना शिव्या देऊन तो खाली उतरवला. "आडवा नका ठेवू, तडा जाईल," मोथिबी म्हणाला, म्हणून त्यांनी तो रस्त्याकडेच्या बाभळीला टेकवून उभा केला. तेवढ्यात त्यांचा ट्रक आला आणि ते निघून गेले. मोथिबीने आधी दिंत्वेकाकांना फोन करून दुसरी चाके मागितली, मग रामासूला फोन लावला. रामासू म्हणाला, "दादा, थांबा तिथंच, माणसं गोळा करून येतो." एवढेच म्हणाला. मोथिबीला वाटले, याने दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

आता चित्र असे होते. भर उन्हात रस्त्याच्या कडेला सोनेरी अक्षरांचा थडग्याचा दगड उभा, शेजारी मोडका ट्रेलर, आणि दोन माणसे खाली मान घालून उभी. पहिला पिकअप वेग कमी करत आला आणि थांबला. मागे बकऱ्या भरलेल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उतरले, त्यांच्या मागून दोन बायका उतरल्या.

"काय झालं?" त्यांनी विचारले.

"टायर फुटला," मोथिबी म्हणाला.

"अरेरे. इथंच?"

"हो, जागच्या जागी."

"हाल नाही झाले, तेवढंच बरं." म्हाताऱ्याने ट्रेलरकडे पाहून मान हलवली. "आणि दगडसुद्धा इथंच बसवलात. चांगलं केलंत. लोक निदान गाडी सावकाश चालवतील."

मोथिबी खुलासा करणार, तेवढ्यात थोरल्या बाईने भजन सुरू केले. आता त्या मुलखात भजन सुरू झाल्यावर मध्ये बोलणारा माणूस अजून जन्मायचा आहे. आणि बोइपेलोचे असे होते की भजनाची पहिली ओळ कानावर पडली की दुसरा सूर तिच्या तोंडून आपोआप निघे. मोथिबीने तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. तिने डोळे मिटून घेतले होते. दुसरी गाडी थांबली, मग तिसरी. चौथ्या कडव्यापर्यंत अकरा माणसे आणि सतरा बकऱ्या मामांच्या दगडापुढे उभ्या होत्या. म्हाताऱ्याने लांबलचक प्रार्थना केली, तिच्यात या रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांचे रक्षण मागितले. "आमेन" झाल्याबरोबर मोथिबीने सगळे सांगून टाकले.

म्हाताऱ्याने टोपी घातली. "मग दगड उभा कशाला केलात?" ते म्हणाले. त्यांचा अपमान झाला होता.

"आडवा ठेवला तर तडा जातो."

थोरल्या बाई मात्र पुढे जाऊन अक्षरे वाचत होत्या. "दित्शेको मोलाथ्वा. दित्लारेंगचे? त्यांचं शेत आमच्या शेजारी होतं. माझा नवरा आजारी पडला त्या पावसात त्यांनी आमचं रान नांगरून दिलं. बैल त्यांचे, माणूस ते, नांगरसुद्धा त्यांचाच. मी म्हटलं काय देऊ, तर म्हणाले, बैल नुसते उभे होते." त्यांनी दगडावरून हात फिरवला. "तुम्ही त्यांचे कोण?"

"भाचा," मोथिबी म्हणाला. नुसते उभे असलेले बैल लोकांना देऊन टाकणाऱ्या माणसाचा भाचा.

साडेचारला रामासू सात माणसे आणि मोठा पिकअप घेऊन आला. दगड चढला, हंडा चढला, कोबी चढला. "चला दादा," रामासू म्हणाला. "ट्रेलर सोडा इथंच. तुमची गाडी तर ठीक आहे. गवंडी दिवे लावून काम करतील, सकाळी सहाला चादर काढायची. पाद्रीबाबांना उद्या आणखी दोन ठिकाणी जायचंय, ते थांबणार नाहीत."

मोथिबीने ट्रेलरकडे पाहिले. उघड्या रानात, रात्रभर. दिवे नेतील, हूक नेतील, उजव्या बाजूचे चाक अजून चांगले आहे तेही नेतील.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. "दिंत्वेकाकांचा पुतण्या चाकं घेऊन निघतोय. ट्रेलर लागला की मी आलोच. पहाटेच्या आत पोचतो."

"अहो," बोइपेलो म्हणाली. मग ती पिकअपमध्ये चढून दगडाशेजारी बसली. तिने मागे वळून पाहिले नाही.

पुतण्या आधी रात्री येणार होता, मग पहाटे चारला येतो म्हणाला. पाचला फोन आला की निघालाच आहे. साडेपाचला मोथिबीने गाडी सुरू केली, ट्रेलरकडे पाहिले, आणि बंद केली. आणखी दहा मिनिटे. सहाला सूर्य वर आला. आता तिकडे चादर काढत असतील, हे त्याला चांगले कळत होते, आणि तो बसून राहिला. पुतण्या नऊला आला. चाकांची भोके वेगळ्या मापाची होती.

साडेनऊला मोथिबी ट्रेलर तिथेच टाकून गावात निघाला. म्हणजे जे काल संध्याकाळी करायचे ते त्याने आता केले.

तो पोचला तेव्हा तंबूत जेवणे चालली होती. कुटलेले मांस, ज्वारीची लापशी, कोबी. लोकांनी त्याला नमस्कार केला, जागा दिली, टायरची चौकशी केली. कोणीही टोचून बोलले नाही. सगळ्यांनी त्याला फारच सांभाळून घेतले. तो ताट ठेवून उठला आणि दफनभूमीकडे गेला.

मामी तिथे एकट्याच बसल्या होत्या, दगडाशेजारी, पाय पसरून. दगड सरळ बसला होता. ओल्या सिमेंटवर सकाळच्या लोकांच्या पावलांचे ठसे होते. मोथिबीचा त्यात नव्हता.

"आलास," मामी म्हणाल्या. "गाडी नीट आहे ना तुझी?"

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होते. मामी खरेच विचारत होत्या. या घरात मोथिबीची खुशाली विचारायची म्हणजे आधी ट्रेलरची विचारायची, अशी सवयच पडून गेली होती.

"मामी, ती ज्वारीची पोती," मोथिबी म्हणाला. तीन वर्षांत तो हे पहिल्यांदाच बोलत होता. "मामा मला काय म्हणाले असतील?"

"काही नाही रे. रामासू चिडला होता. हे त्याला म्हणाले, पोराला काही बोलायचं नाही. नवी वस्तू आहे, जीव अडकतो माणसाचा. जुनी झाली की तो आपण होऊन देईल." मामींनी दगडावरची धूळ पदराने पुसली. "मग दर सुगीला विचारायचे मला. मोथिबीची गाडी झाली का गं जुनी? मी म्हणायची, मला काय ठाऊक. शेवटच्या वर्षी बिछान्यावर होते, शेतात काही पेरलंही नव्हतं, तरी विचारलं."

मामी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, त्याच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि जेवणाऱ्यांकडे बघायला निघून गेल्या. मोथिबी दगडापुढे उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने टोपी काढली.

"झाली, मामा," तो म्हणाला. "जुनी झाली."